उड्डाणाचा तास कोणत्या घड्याळाचा?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार वाचकाचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी झाली आणि तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. एका फ्लाइंग स्कूलचे माहितीपत्रक त्यांनी पत्राला जोडले आहे. त्यात एकूण खर्च 44 लाख रुपये, 200 तास उड्डाण, सिंगल इंजिन विमानाचा दर तासाला 15,000, कालावधी 14 महिने, 10 विमाने आणि 90 विद्यार्थी असे आकडे आहेत. पैसे दर तीन महिन्यांनी 11 लाख असे चार हप्त्यांत द्यायचे आहेत, एकरकमी भरल्यास 5 टक्के सूट आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. तास मोजतात कसा? नंबर लागतो कसा आणि 14 महिन्यांत खरोखर होते का? आणि बागेचे पैसे हातात आहेत तर सूट घेऊन एकदम भरून टाकावेत का? शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘ओझर एवढे जवळ असून पोरीला बाहेर का पाठवायचे, तेही सांगा.’ संस्थेचे नाव आम्ही गाळले आहे.

नमस्कार दादा,

ओझरचे आधी सांगतो. ती धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कारखान्याची आहे, आणि नाशिकच्या गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालते. म्हणून आपल्याकडची मुले धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जातात. लेकीला बाहेर राहावे लागेल हे धरूनच हिशेब करा.

आता तासाचे. तुमच्या ट्रॅक्टरला अवर मीटर असेल. जुन्या यांत्रिक मीटरचा तास हा घड्याळाचा तास नसतो. इंजिन ठरावीक आरपीएमला फिरत असेल तेव्हाच तो खरा धावतो, नुसते गुरगुरत उभे असेल तर हळू सरकतो. विमानातही नेमके हेच आहे, फक्त तिथे घड्याळे तीन आहेत. पहिले टॅक मीटर, ते ट्रॅक्टरसारखे आरपीएमवर चालते. दुसरे हॉब्स मीटर. ते बहुतेक विमानांत इंजिनाचे ऑइल प्रेशर आले की सुरू होते आणि इंजिन बंद होईपर्यंत चालते. त्याचा शेवटचा आकडा दशांशात असतो, म्हणजे 0.1 पुढे सरकले की 6 मिनिटे. तिसरे म्हणजे मनगटावरचे घड्याळ, ज्यावरून ‘चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन’ लिहितात. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हलले तिथपासून, परत येऊन पूर्ण थांबले तिथपर्यंत. लायसन्ससाठी लॉगबुकात जो तास धरला जातो तो हा तिसरा.

एक सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची एक फेरी, मिनिटांनिशी पाहू. 7:06 ला इंजिन सुरू झाले. ऑइल गरम व्हायला, रेडिओ लावायला, टॉवरची परवानगी घ्यायला 6 मिनिटे गेली. 7:12 ला विमान हलले. टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवरून चालवत नेऊन, धावपट्टीच्या टोकाशी इंजिनाची तपासणी केली आणि 7:24 ला उड्डाण झाले. 8:10 ला चाके टेकली, 8:18 ला विमान जागेवर उभे राहिले, 8:20 ला इंजिन बंद. हवेत 46 मिनिटे. लॉगबुकात 66 मिनिटे, म्हणजे 1.1 तास. हॉब्सवर 74 मिनिटे, म्हणजे सुमारे 1.2.

बिल 1.2 चे आणि लॉगबुकात नोंद 1.1 ची, असे झाले तर एका सॉर्टीला 1,500 रुपये असे जातात ज्यांचा लायसन्सला काही उपयोग नाही. 200 तासांच्या साधारण 150 सॉर्ट्या धरल्या तर सव्वादोन लाख. यात कुणी फसवतेच असे नाही. इंजिन जागेवर चालले तरी इंधन जळते आणि संस्थेला त्याचा खर्च येतो. पण तो खर्च दरात आधीच धरलेला असावा. तुमच्या माहितीपत्रकात फक्त ‘प्रति तास’ लिहिले आहे, कोणता तास ते लिहिलेले नाही. करारात एक वाक्य घालून घ्या: ज्या वेळेने लॉगबुक भरले जाईल त्याच वेळेने बिल होईल. यापुढचे बहुतेक वाद इथेच मिटतात.

दुसरे वाक्य अर्धवट राहिलेल्या सॉर्टीबद्दल हवे. टेक-ऑफआधी साधारण 1,800 आरपीएमवर इंजिनात ठिणगी पाडणारे दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतात. एकावर आरपीएम मर्यादेपेक्षा जास्त पडला तर विमान परत आणावे लागते, आणि ते आणलेच पाहिजे. पण तो दोष विमानाचा आहे, विद्यार्थ्याचा नाही. विमान उडालेच नाही तर बिल नाही, हे लिहून घ्या. उडाल्यावर हवामान बिघडले म्हणून अर्ध्यातून परतले तर झालेल्या वेळेचे पैसे द्यायचे, कारण ते तास लॉगबुकात धरले जातात. विद्यार्थिनी वेळेवर आलीच नाही किंवा तयारी न करता आली तर संस्था दंड घेते, आणि ते रास्त आहे. तिच्यामुळे विमान आणि प्रशिक्षक दोन्ही रिकामे बसतात.

15,000 मध्ये काय काय आले, तेही विचारा. प्रशिक्षकाचे शुल्क त्यात आहे का? ड्युअल म्हणजे प्रशिक्षकासोबत, सोलो म्हणजे एकटीने. काही ठिकाणी दोन्हींचा दर एकच असतो, मग सोलोच्या वेळी नसलेल्या प्रशिक्षकाचेही पैसे जातात. 200 तासांपैकी किमान 100 तास तिने पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, करायचे आहेत, त्यामुळे हा फरक लहान नाही. 200 मधले विमानावर किती, सिम्युलेटरवर किती आणि दोन इंजिनांच्या विमानावर किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागा. सिम्युलेटरचा तास स्वस्त असायला हवा, दोन इंजिनांचा बराच महाग असतो. लांबच्या उड्डाणात दुसऱ्या विमानतळाचे लँडिंग-पार्किंग शुल्क, हवामानामुळे तिथेच मुक्काम पडला तर त्याचा खर्च, स्किल टेस्ट घेणाऱ्या परीक्षकाचे मानधन, डीजीसीएची (केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाची) फी, गणवेश, वसतिगृह, हे सगळे 44 लाखांत आहे की वर, याची एका कागदावर सही-शिक्क्यानिशी यादी घ्या. एअरलाइनसाठी लागणारे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, तर या रकमेत नाहीच. तो वेगळा आणि मोठा खर्च आहे, तो आजच मनात धरा.

जीएसटीचे पाहा. सप्टेंबर 2024 च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर असे स्पष्ट झाले आहे की डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमावर जीएसटी लागत नाही. कोटेशनमध्ये सरसकट 18 टक्के लावले असतील तर थांबा आणि कशावर लावले ते विचारा. मूळ शुल्क किती घ्यावे हे मात्र डीजीसीए ठरवत नाही. ते संस्था आणि तुम्ही यांच्यातले आहे, म्हणून करार नीट वाचायचा.

इंधनवाढीचे कलम बहुतेक करारांत असते. ते नाकारता येणार नाही, पण त्याला हिशेब लावता येतो. सेसना 172 हे प्रशिक्षणाचे विमान तासाला साधारण 35 लिटर विमानाचे पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस पिते. लिटरमागे 20 रुपये वाढले तर तासाला 700 रुपये वाढायला हवेत. 2,000 वाढवले तर बाकीचे 1,300 कशाचे? 200 तासांवर हा फरक 2 लाख 60 हजारांचा होतो. कलमात ‘लिटरमागे झालेली वाढ गुणिले तासाचा खप’ एवढेच लिहून घ्या, आणि कराराच्या दिवशीचा इंधनाचा दर त्यात नोंदवून घ्या. डिझेल इंजिनाचे डायमंड विमान असेल तर ते जेट इंधनावर चालते आणि खप बराच कमी असतो. तिथे अ‍ॅव्हगॅसच्या वाढीचे कारण लागू नाही.

आता नंबर कसा लागतो ते. दुसऱ्या दिवशीचे रोस्टर आदल्या संध्याकाळी लागते. एका तासाच्या सॉर्टीसाठी विद्यार्थी दोन-अडीच तास गुंतलेला असतो. आधी ब्रेथ अ‍ॅनालायझर, हवामानाचे वाचन, वजनाचा हिशेब, प्रशिक्षकाचे ब्रीफिंग. मग विमानाभोवती फेरी. टाकीत काडी घालून इंधन मोजायचे, पंखाखालच्या निचऱ्यातून थोडे इंधन पारदर्शक कपात काढून उजेडाला धरायचे. 100 एलएल अ‍ॅव्हगॅस निळसर दिसते, पाणी असेल तर ते तळाशी वेगळे बसते. ऑइलची काडी पाहायची. या गोष्टींना बिल लागत नाही, पण त्यांत घाई केली की चूक होते. आल्यावर डीब्रीफिंग आणि नोंदी. लांबचे उड्डाण असेल तर फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) यांचे नंबर मिळेपर्यंतचा वेळ वेगळा. जिथे प्रवासी विमानेही उतरतात तिथे त्यांच्या वेळेला प्रशिक्षणाच्या विमानांना थांबावे लागते. तो थांबा इंजिन चालू ठेवून काढावा लागला तर बिलही चालू आणि लॉगबुकही चालू, पण शिकणे काही नाही.

14 महिन्यांचा हिशेब तुम्हीच करू शकता, फक्त माहितीपत्रकातला 10 विमानांचा आकडा घेऊ नका. दर 100 तासांनी विमान तपासणीला जाते. रोज 5 तास उडणारे विमान 20 दिवसांतच तिथे पोचते, म्हणजे प्रत्येक विमान जवळपास दर महिन्याला काही दिवस हँगरमध्ये असते. एखादे सुट्या भागाची वाट पाहत उभे असते, एखादे इंजिन ओव्हरहॉलला गेलेले असते. 10 पैकी 6 रोज उडतात असे धरा. 6 विमाने, रोज 5 तास, महिन्याला 22 उडता येण्याजोगे दिवस: 660 तास. 90 पैकी 30 मुले थिअरीच्या वर्गात आहेत असे मानले तर 60 मुलांना प्रत्येकी 11 तास महिना. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत 88 तास. पावसाळ्याच्या चार महिन्यांत निम्म्यापेक्षाही कमी मिळतात, महिन्याला 5 धरू, म्हणजे 20. वर्षाला 108. उरलेले 92 तास पुढच्या वर्षीचे आठ महिने खातील. म्हणजे नुसते उड्डाणच 20-21 महिने, त्यात परीक्षा आणि लायसन्सचे कागद आले नाहीत. 14 महिने खोटे असतील असे नाही, पण ते व्हायला महिन्याला 14-15 तास लागतात, पावसाळ्यातसुद्धा. संस्थेला विचारा: गेल्या सहा महिन्यांत दर महिन्याला एकूण किती तास उडाले, आणि उड्डाणाच्या रांगेत किती विद्यार्थी होते? एकाला दुसऱ्याने भागा. जी संस्था हा आकडा सांगत नाही तिथे मी पैसे भरणार नाही.

विमाने असून प्रशिक्षक नसणे हे तितकेच मोठे दुखणे आहे. तरुण प्रशिक्षक तास जमवून एअरलाइनला जातात, मग त्यांच्या गटातली मुले अडकतात. शिवाय पहिल्या सोलोआधी आणि टप्प्याटप्प्याने वरिष्ठ प्रशिक्षकाची चेक सॉर्टी लागते. तो एकटाच असेल तर त्याच्या एका सॉर्टीसाठी दोन-तीन आठवडे जातात. आज पूर्णवेळ प्रशिक्षक किती, त्यातले चेक घेऊ शकणारे किती, हे विचारा.

आणि 11 तास महिन्यात कसे मिळतात, हेही महत्त्वाचे आहे. चार दिवसांत 8 तास आणि मग तीन आठवडे शांत, याचा उपयोग नाही. लँडिंगचा हात बसायला सलगता लागते. खंड पडला की आधीचा धडा परत करावा लागतो, आणि ठरावीक दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर सोलोआधी पुन्हा ड्युअल चेक घेतात. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे, पण तो तास तुमच्या खिशातून जातो. पहिल्या सोलोपर्यंत आठवड्याला किमान तीन सॉर्ट्या मिळतील असे लेखी मागा. संस्थेच्या कारणाने खंड पडला तर रिफ्रेशर तासाचे पैसे कोण देणार, तेही.

हवामान कुणाच्या हातात नाही, पण प्रवेशाचा महिना तुमच्या हातात आहे. दृश्य नियमांनी उडायला 5 किलोमीटर दृश्यता लागते. जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुके, एप्रिल-मेमध्ये दुपारी उकळती हवा आणि आडवा वारा. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्यास्ताआधी असे दोनच पट्टे हाती राहतात. लेकीने जूनमध्ये जाऊन वसतिगृहाचे भाडे भरत पावसाकडे बघत बसू नये. जून ते सप्टेंबर घरी राहून मेडिकल आणि डीजीसीएच्या परीक्षा उरकाव्यात आणि ऑक्टोबरपासून विमानात बसावे.

मेडिकलचा क्रम लक्षात ठेवा: आधी क्लास 2, मग क्लास 1. व्यावसायिक लायसन्सला क्लास 1 लागतेच. ते हातात येईपर्यंत संस्थेला नोंदणी फीपलीकडे काही देऊ नका. तासांचे पैसे भरल्यावर डोळ्याचा किंवा कानाचा प्रश्न निघाला तर परताव्यासाठी दारोदार फिरावे लागते. परीक्षांमध्ये नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल आहे, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात, रेडिओ वापरण्याच्या परवान्याची आरटीआर परीक्षा वेगळी. हे आधी उरकण्याचे कारण फक्त वेळ वाचवणे नाही. लायसन्सचा अर्ज करताना पायलट-इन-कमांडचे किमान 15 तास मागच्या सहा महिन्यांतले लागतात, आणि रात्रीच्या उड्डाणाची 10 टेक-ऑफ, 10 लँडिंगही. 200 तास झाले पण एक पेपर राहिला, सहा महिने उलटले, की ते तास पुन्हा उडायचे. 15 तास गुणिले 15,000: सव्वादोन लाख, एका पेपरपायी. बापाने लक्ष ठेवण्याची ही जागा आहे.

आता सूट आणि हप्ते. 44 लाखांवर 5 टक्के म्हणजे 2 लाख 20 हजार. 20 महिने चालणाऱ्या कामाचे सगळे पैसे पहिल्या दिवशी देण्याची ही किंमत आहे. ते पैसे बँकेत ठेवले तरी टप्प्याटप्प्याने काढताना यातला बराच भाग व्याजातून सुटतो, आणि संस्थेचे काम थांबले तर तुमच्या हातात काहीतरी उरते. एकरकमी भरू नका, असे मी स्पष्ट सांगतो. तारखेचे हप्तेही बरे नाहीत. दर तीन महिन्यांनी 11 लाख म्हणजे नवव्या महिन्यात 44 लाख पूर्ण, आणि तोवर लेकीचे तास शंभरही नसतील. हप्ता तासांना बांधा: प्रवेशाला थिअरी आणि नोंदणीचे, मग दर 20 तासांचे आगाऊ, म्हणजे एका वेळी 3 लाख. तास संपत आले की पुढचे 3 लाख. संस्थेलाही इंधन आणि विम्यासाठी आगाऊ रक्कम लागते, त्यामुळे शून्य आगाऊ मागू नका. 20 तासांचे आगाऊ दोघांनाही सोसते. न उडलेल्या तासांचा परतावा किती दिवसांत आणि किती कपात करून, हे त्याच कागदावर.

तुमचे पैसे जानेवारी ते एप्रिल, खुड्यानंतर येतात. लेकीचे उड्डाण ऑक्टोबरला सुरू झाले तर पहिले तीन महिने मागच्या हंगामातले राखून ठेवा, साधारण 35 तासांचे सव्वापाच लाख आणि प्रवेशाचे. यंदाची सगळी रक्कम बागेत किंवा हप्त्यात गुंतवू नका. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर बँकेला सांगून रक्कम टप्प्याने सोडवा, म्हणजे व्याज सोडलेल्या रकमेवरच लागते. तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, घर किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. तो उतारा आत्ताच काढून ठेवा.

डीजीसीए 2025 पासून फ्लाइंग स्कूलांची श्रेणी जाहीर करते, ती पाहून घ्या. पण त्यावर थांबू नका. निवडीआधी एकदा कामाच्या दिवशी, सकाळी सहाला, न कळवता संस्थेच्या दारात जा. लेकीला सोबत न्या. हँगरबाहेर किती विमाने उभी आहेत आणि दहा वाजेपर्यंत त्यातली किती वेगळी विमाने उडाली, ते शेपटीवरचे क्रमांक लिहून मोजा. मग कँटीनमध्ये 100 तासांच्या पुढे गेलेल्या दोन-तीन मुलांशी बोला. त्यांना एवढेच विचारा: पहिल्या सॉर्टीची तारीख कोणती, आणि आज लॉगबुकात तास किती?